म्हशीला सूर कळतो की नुसता आवाज?

धागाकर्ता (गंगावेस) :
दिवाळीत कोल्हापुरात म्हशी पळवतात, तेव्हा सायलेन्सर काढलेल्या गाड्यांच्या गोंगाटातही म्हैस नेमकी आपल्याच मालकाच्या गाडीमागे धावते. त्यावरून ‘जनावराचा कान माणसापेक्षा तयार’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. गाईगुरांना सुमारे ३५,००० हर्ट्झपर्यंत आणि कुत्र्याला ४५,००० च्या आसपास ऐकू येते, तर आपली धाव २०,००० पर्यंतच, हे खरे. पण गाण्याचे मूळ स्वर चार-पाच हजारांच्या आतच असतात, त्यामुळे वरचा पल्ला सूर ओळखायला उपयोगी नाही. भूप राग पेटीच्या काळी एक पट्टीत गायला काय किंवा त्याहून उंच काळी पाचमध्ये, आपल्याला तो भूपच वाटतो. याउलट साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांना चढती व उतरती स्वरमालिका ओळखायला शिकवली, आणि त्याच मालिका नेहमीच्या स्वरांच्या टापूबाहेर नेताच ते गोंधळले. हा १९८० च्या दशकातला प्रयोग आहे.

प्रतिसाद (कसबा बावडा) :
आमच्या घरी तीन पिढ्या म्हशी आहेत, म्हणून राहवले नाही. पेटीवर परीक्षा घेतल्यास पक्षी नापासच होणार! २००० साली ऱ्हीसस माकडांवर झालेल्या प्रयोगात त्यांनी साध्या बालगीतांच्या धुना पूर्ण सप्तकाने सरकवल्यावरही ओळखल्या; अर्ध्या सप्तकाने सरकवल्यावर मात्र नाही. म्हणजे सप्तकाचे नाते माणसापुरतेच नाही. शिवाय गाडी रेस केली की तिचा स्वर चढतो, तरी म्हैस चुकत नाही, याचे काय?

धागाकर्ता :
माकडांचा मुद्दा मान्य; माझे विधान पक्ष्यांपुरते आवरते घेतो. गाडीचे उदाहरण मात्र माझ्याच बाजूचे आहे. २०१६ साली स्टार्लिंगवरच असे दिसले, की स्वरांची उंची जवळजवळ पुसून टाकली आणि ध्वनीचा पोत, म्हणजे गवई ज्याला आवाजाची जात म्हणतात तो, तेवढा राखला, तरी पक्षी धून ओळखतात. आपण सनईवरची धून पेटीवरही ओळखतो. ते जात धरतात, आपण स्वरांमधले अंतर धरतो. रेस केल्यावर गाडीचा स्वर बदलतो, जात बदलत नाही.

प्रतिसाद (रंकाळा) :
दिशेचाही विचार व्हावा. आवाज कुठून आला हे माणसाला साधारण एका अंशाच्या फरकाने कळते, गाईला मात्र तीसेक अंशांचा फरक लागतो. म्हैस तिच्याहून फार वेगळी नसेल, तर ती गाडीमागे कानाइतकीच डोळ्यांनीही धावत असावी.

प्रतिसाद (कसबा बावडा) :
डोळ्यांचे म्हणाल, तर ऐका. गेल्या दिवाळीत आम्ही सायलेन्सर बदलला आणि म्हैस ओळखीच्या गाडीमागे जागची हलली नाही. इथवर धागाकर्त्यांची जात जिंकली. मग आजोबांनी गोठ्याच्या दारातून, तिच्या नजरेआडूनच, हाक दिली. सर्दीने त्यांचा घसा पार बसलेला, आवाज आम्हालाही परका वाटत होता, फक्त हाकेचा हेल तेवढा नेहमीचा होता. म्हैस तडक गोठ्याकडे निघाली. इथे जात बदलली होती, हेल नव्हता. धागाकर्त्यांनी याचा उलगडा करावा.