नोटीस आणि सुनावणी हवीच

अमेरिकेतून परदेशी लोकांना हाकलण्याबद्दल ‘टोळीवाल्यांना सुनावणी कशाला, थेट विमानात बसवा’ असं जे मत मांडलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. गुन्हेगार आहे तर पाठवा परत, पण तो टोळीतला आहे हे ठरवणार कोण? मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने १७९८ च्या युद्धकाळासाठीच्या कायद्याखाली टोळीतले ठरवून शंभराहून अधिक व्हेनेझुएलन लोकांना एल साल्वाडोरच्या तुरुंगात धाडलं. काहींच्या बाबतीत अंगावरचं गोंदणही पुरावा धरलं! एप्रिलमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, आधी नोटीस द्या, दाद मागू द्या.

आणि नुसतं हाकलून प्रश्न सुटत नाही. एमएस-१३ ही कुख्यात टोळी तर अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्येच जन्मली; हाकललेल्या पोरांबरोबर साल्वाडोरला जाऊन फोफावली.

आम्हा बडोदेकरांना हा विषय लांबचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने बेड्या घालून अमृतसरला परत पाठवलेल्या १०४ भारतीयांत ३३ गुजरातचे होते.