मदत हवी आहे: शिडाच्या बोटीवर पैसे कुठे आणि किती ठेवायचे?

पुढच्या महिन्यात नवरा आणि मी मित्राच्या शिडाच्या बोटीवरून मलेशियातल्या लांगकावीहून निघतोय. पुढे इंडोनेशियातली लोंबोक, फ्लोरेस, मग अंबोन आणि बांदा बेटं. मोठ्या बंदरांत एटीएम आहेत, पण मधल्या छोट्या बेटांवर डिझेल, पाणी, भाजी सगळं रोख रुपियातच (इंडोनेशियाचं चलन).

सध्याची तयारी अशी. एक फॉरेक्स कार्ड (आधीच परदेशी चलन भरून ठेवलेलं) आणि वेगवेगळ्या बँकांची दोन डेबिट कार्डं, तिन्ही वेगवेगळ्या जागी. परदेशी व्यवहार ॲपमधून चालू केलेत, रोजची मर्यादा कमी ठेवलीय. नियमानुसार भारतातून माणशी 3000 डॉलरपर्यंतच नोटा नेता येतात, तेवढ्या घेतोय. पण तिथे दुमडलेल्या किंवा शाई लागलेल्या डॉलरच्या नोटा बदलून देत नाहीत, आणि बोटीवर दमट हवेत कागदाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. झिपच्या पिशवीत सिलिका जेल टाकून बघितलं, तरी कडा मऊ पडल्याच.

तिजोरी सुचवू नका प्लीज. बोट आमची नाही, भोकं पाडता येणार नाहीत. नांगर टाकून आम्ही डिंगीने (छोट्या होडीने) किनाऱ्यावर गेलो की बोटीवर कुणी नसतं, आणि झाकणाचं कुलूप म्हणजे नुसतं नावाला.

ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांनी सांगा: एका वेळी किती रोख जवळ बाळगता, नोटा कोरड्या कशा ठेवता? आणि मुख्य म्हणजे, एटीएमने कार्ड गिळलं आणि भारतीय सिम कार्डला रेंज नसल्यामुळे ओटीपीही येत नसेल, तर घरच्यांकडून पैसे मागवायचा खात्रीचा मार्ग कोणता?