फवारणीनंतर तीन आठवड्यांनी पायाला मुंग्या: औषधानं की प्लॅस्टिकनं?

आर्णीकडची:
नमस्कार. आमचे हे रोजीनं फवारे मारतात. पैसे पंपामागे मिळतात, म्हणून दिवसाला वीस-बावीस पंप. पोळ्यानंतर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खांद्याला लागली होती, वारा फिरला अन् सगळं अंगावर. तोंडाची आग आग. संध्याकाळी लाळ, डोळ्यातून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दवाखान्यात चार दिवस ठेवलं, इंजेक्शनं दिली, बरे होऊन घरी आले. आता तीन आठवडे झाले, तर तळपायाला मुंग्या. चप्पल पायातून निसटली तरी समजत नाही, काल धुऱ्यावर पडले. गावातला डॉक्टर म्हणतो अशक्तपणा आहे, सलाईन लावू. भाचा पुण्याला शिकतो, तो फोनवर म्हणे, मामी, माणसाच्या मेंदूत प्लॅस्टिक सापडलं, बाटलीतलं पाणी बंद करा. शेजारच्या वावरात मिरचीला मल्चिंगचं प्लॅस्टिक अंथरलंय, त्याच्या चिंध्या आमच्या विहिरीपर्यंत उडतात. कोणाचं खरं धरू?

बोंडअळीग्रस्त:
वहिनी, अशक्तपणा नाही वाटत मले. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं वीसच्या वर माणसं गेली, शेकडो भरती होती. मी बी त्यातलाच. तेव्हाबी पऱ्हाटी अशीच उंच होती. औषध एकच होतं का दोन-तीन मिसळले? कृषी केंद्रवाला म्हनते, हे बी टाका, रिझल्ट येते, अन् आपण टाकतो. बाटली पाहा उकिरड्यावर. हाताले पन्नी बांधून उचला.

सिस्टर_वर्धा:
ताई, बाटली शोधाच, नाव कळलं तर डॉक्टरचं अर्धं काम होतं. तोवर मला जे माहीत आहे ते सांगते.

मोटरच्या स्टार्टरला हिरवं बटण असतं अन् लाल असतं. मज्जातंतूनं स्नायूला निरोप द्यायचा तर अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, ते हिरवं बटण. काम झालं की एक एन्झाइम ते मोडून टाकतं, ते लाल. क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही सगळी ऑर्गनोफॉस्फेट लाल बटण निकामी करतात. मोटर बंदच होत नाही, म्हणून लाळ, पाणी, अंग फडफडणं. त्यावर अ‍ॅट्रोपिन देतात. ते बहुतेक त्यांना मिळालं.

पण यातली काही औषधं मज्जातंतूंमधल्या दुसऱ्याच एका एन्झाइमलाही धरतात. त्याचा परिणाम दोन-तीन आठवड्यांनी दिसतो, माणूस 'बरा' होऊन घरी आल्यावर. लांब तंतू टोकाकडून झडत जातात. सगळ्यात लांब तंतू पायाचे, कमरेपासून तळव्यापर्यंत, म्हणून सुरुवात पायापासून. अ‍ॅट्रोपिन इथं चालत नाही, अन् सलाईननंही काही होणार नाही.

कोलिनएस्टरेजची, म्हणजे त्या लाल बटणाच्या एन्झाइमची, रक्ततपासणी आता नॉर्मल आली तरी "काही नाही" म्हणून परत येऊ नका. सिरममधलं प्रमाण काही आठवड्यांत भरून येतं. नसांची तपासणी, एनसीव्ही म्हणतात तिला, ती करायला सांगा. साखर आणि बी-12 पण बघून घ्या, मुंग्या त्यानंही येतात. सेवाग्रामला जा किंवा नागपूरच्या मेडिकलला. पाय उचलताना घसटत असेल, गिळताना, श्वासाला त्रास असेल तर थांबूच नका, आजच निघा.

अकोल्याचा_विद्यार्थी:
भाचा अगदीच चूक नाही. 2022 मध्ये माणसाच्या रक्तात प्लॅस्टिकचे कण मोजले गेले. 2025 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या संशोधकांनी मृत माणसांच्या मेंदूत ते सापडल्याचं सांगितलं, 2016 पेक्षा 2024 च्या नमुन्यांत जास्त. त्यात सर्वाधिक पॉलिथिलीन, म्हणजे मल्चिंगचा कागद असतो तेच. पण मेंदूतली चरबी त्या तपासणीत पॉलिथिलीनसारखी दिसू शकते, असा आक्षेपही आहे. शिवाय सापडणं वेगळं अन् त्यानं आजार होणं वेगळं. दुसरं अजून सिद्ध नाही. उंदरांत अगदी बारीक कण काही तासांत मेंदूत पोचले, एवढं दिसलंय. पण तीन आठवड्यांपूर्वी अंगावर फवारा पडला अन् आता पाय सुन्न झाले, तर आधी फवाऱ्याकडे बघू. हां, औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी, तेल, काहीही भरू नका. ती प्लॅस्टिकमुळे नाही, आत जे उरतं त्यामुळे वाईट.

आर्णीकडची:
बाटली सापडली, बकरीच्या कोठ्यामागं. क्लोरपायरीफॉस 50 टक्के अन् सायपरमेथ्रिन 5 टक्के.

सिस्टर_वर्धा:
तोंडाची आग सायपरमेथ्रिनची असावी. ते तंतूची सोडियमची दारं उघडी ठेवतं, चेहरा चुणचुणतो, दिवसभरात जातं. पायाचं मात्र क्लोरपायरीफॉसवर संशय घ्यावा असं आहे. जोराच्या विषबाधेनंतर त्यानं असं होतं. लेबल फाडू नका, बाटली पन्नीत बांधून सोबत न्या, दवाखान्याचं कार्डही न्या. अन् आता एक पंपसुद्धा नको.

आर्णीकडची:
ताई, सकाळच्या पहिल्या एसटीनं सेवाग्रामला निघतो, सासू पोराजवळ राहते. हे म्हणतात पाटलाचे तीन एकर राहिले, तेवढे मारून येतो, पैसे आधीच घेतलेत. रात्री पंप चार्जिंगला लावायला उठले होते. चार्जर माझ्या पेटीत आहे, किल्ली कमरेला.