टाटा ४०७: दाराखालचा पत्रा कुजलाय, रंगाला फुगे आलेत. घरी दुरुस्ती कशी करावी?

बंदररोड
गाडी २००९ ची, रत्नागिरीत मासळीच्या वाहतुकीला आहे. दोन्ही दारांची खालची दुमड कुजलीय, डाव्या पायदानाला बोट जाईल एवढं भोक पडलंय. मागच्या वर्षी बाहेरून लांबी (पुट्टी) आणि रंग करून घेतला होता. आठ महिन्यांत हेडलाइटखाली आणि दारांवर फुगे आले. फोडले की आत पाणी आणि लाल गंज. आता फक्त केबिन घरीच करायचीय. ग्राइंडर आणि २ एचपीचा कॉम्प्रेसर आहे. फुगे परत येऊ नयेत म्हणून काय करू? रंग कुठला आणि किती आणू?

पत्रेवाला
फुग्यात पाणी निघतंय म्हणजे आधीच्या कामात मीठ रंगाखाली राहिलं, किंवा लांबी ओली घासली. पॉलिस्टर लांबी स्पंजसारखी पाणी पिते. वॉटर पेपर आणि पाणी घेऊन ती घासली की ओल पत्र्यापर्यंत जाते आणि वरून प्रायमर मारला की आतच अडकते. लांबी नेहमी कोरडी घासा: आकार द्यायला ८० नंबरचा कागद, मग १२०, १८०.

ग्राइंडर लावायच्या आधी अख्खी केबिन गोड्या पाण्याने आणि शाम्पूने धुवा, दुमडीत पाइप घालून. पत्रा उघडा झाल्यावर खड्ड्यांत काळे ठिपके दिसतील, मीठ तिथेच बसलेलं असतं. वायर ब्रशने ते घासा, पुन्हा गोड्या पाण्याने धुवा, लगेच फडक्याने आणि हवेने सुकवा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. तुमच्याकडच्या हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी तांबूस झालेला असेल.

लांबी इपॉक्सीवर भरा, दुसऱ्या दिवशी, १८० ने खरवडून. १०० ग्रॅम लांबीला २ ग्रॅम हार्डनर. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर तो वर येऊन पांढऱ्या रंगावर पिवळे डाग पाडतो.

४०७प्रेमी
पायदानाच्या भोकाला ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेट करून वरून एम-सील चालेल ना? वेल्डिंगची कटकट नको.

पत्रेवाला
नको. लोखंड, ॲल्युमिनियम आणि खारं पाणी एकत्र आलं की पट्टीच कुजते, आणि मागची पोकळी उघडीच राहते. त्या पायदानावर माणूस अख्खं वजन टाकून चढतो. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापा आणि त्याच जाडीचा तुकडा बसवा. साध्या आर्क वेल्डिंगने इतक्या पातळ पत्र्याला भोकं पडतात. मिग (तार आपोआप पुढे येणारं वेल्डिंग) असेल तर ०.८ मिमीची तार, एकेक टाका, दोन टाक्यांत इंचभर अंतर, आणि सलग न जाता एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. एका रेषेत ओढत नेलं की पत्रा तापून वाकडा होतो आणि पुढे लांबीचा थर वाढतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा.

दारात मुख्य दोष खालच्या पाणी जायच्या भोकांचा. ती मातीने, नाहीतर आधीच्याच लांबीने बुजलेली असतात. तारेने मोकळी करा. रंग पुरता वाळल्यावर आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं मेण) मारा. इंजिनचं काळं ऑइल ओतू नका, दाराचं रबर फुगतं.

गन१पॉइंट४
रंगाचं सांगतो. आधी जुना रंग ओळखा. कोपऱ्यात थिनरचं फडकं दोन मिनिटं दाबून ठेवा. रंग फडक्याला लागला तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) आहे, सुरकुत्या पडल्या तर सिंथेटिक एनॅमल, काहीच झालं नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा भट्टीतला मूळ रंग. एनॅमलवर थेट पीयू मारला तर कापडासारखा गोळा होतो. तसं असेल तर तो पूर्ण उतरवा.

या कामाला दोन भागांचा पीयूच घ्या. केबिन बाहेरून आणि दारांच्या कडांसकट असेल तर अडीच लिटर रंग, त्याच्या डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात हार्डनर आणि थिनर, शिवाय दोन लिटर प्रायमर धरा. प्रायमर ४०० ने घासून पुसा. रंगाच्या गनचा नोझल १.४ मिमी, ट्रिगर दाबलेला असताना हवा ३० पीएसआयच्या आसपास. पहिला हात हलका, दहा-पंधरा मिनिटांनी दोन ओले हात. कॉम्प्रेसर लहान आहे, म्हणून एक दार, मग थांबा, टाकी भरू द्या. गनआधी पाण्याचा फिल्टर हवाच, नाहीतर रंगात टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडतील.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमाल किंवा कापडी मास्क त्याला अडवत नाही, आणि एकदा त्याचा दमा जडला की थोड्या वाफेनेही धाप लागते. बाहेरून ताजी हवा देणारा मास्क सगळ्यात चांगला. निदान सेंद्रिय वाफेची नवी काडतुसं असलेला, तोंडाला घट्ट बसणारा मास्क आणि पूर्ण बाह्या घाला. मुलांना अंगणातून लांब ठेवा.

बंदररोड
थिनर लावून पाहिलं, दारावर सुरकुत्या आल्या. म्हणजे सगळा उतरवतो. पांढऱ्याचा निळा केला तर चालेल?

गन१पॉइंट४
चालेल, पण आरसी बुकात रंग बदलून घ्यावा लागेल, नाहीतर आरटीओच्या फिटनेस तपासणीला अडेल. तुमच्या गाडीला ती दरवर्षी आहेच. रिफ्लेक्टर पट्ट्या नव्या लावा: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. आणि काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरका, पावसाळी दमट हवेत पीयू मारू नका.