विसर्जनाच्या रथाला डिझेल जनरेटर हवाच का?

ताशेवाली, पुणे
सात वर्षं पथकात ताशा वाजवतेय. आपल्या रथाचा जनरेटर मागे असतो, त्यामुळे त्याचा धूर आपल्याला लागत नाही. पुढच्या मंडळाचा मात्र बरोबर तोंडासमोर येतो. लक्ष्मी रस्त्यावर रांग अडली की तिथेच उभं राहायचं, दोन्ही बाजूंना इमारती, धूर जाणार कुठे? घरी येऊन नाक पुसलं की रुमाल काळा. पथकात शाळकरी मुलंही असतात. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय.

ज्या रथावर फक्त एलईडी रोषणाई आणि आरतीपुरता स्पीकर आहे, त्याने जनरेटर आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. असा रथ दोन-अडीच किलोवॅट खातो. बारा तासांचे तीस युनिट झाले. एवढी बॅटरी छोट्या टेम्पोत मावते, आदल्या रात्री मांडवाच्या मीटरवर चार्ज होते. स्वच्छ काम.

मांडववाले काका
ताई, माझे तीन जनरेटर भाड्याने जातात, एकाचा हप्ता अजून चालू आहे. म्हणून बोलतोय असं समजा हवं तर. पण बारा तासांत मिरवणूक संपते कुठे? पुण्याची चोवीस तासांच्या पुढे जाते. डिझेल संपलं तर कॅन ओतून पाच मिनिटांत यंत्र सुरू. बॅटरी पहाटे तीनला बसली तर गर्दीत रथ अंधारात, चाकाजवळ पोरं. आणि जुलै २०२३ पासून नव्या यंत्रांना धुराचे नियम फार कडक झालेत. तुम्हाला त्रास झाला तो जुन्या यंत्रांचा.

वायरमन, सातारा
काका, जुनं यंत्र हे एक कारण. दुसरं असं की दोन किलोवॅटच्या रथाला मंडळं पंधरा केव्हीएचं, म्हणजे साधारण बारा किलोवॅटचं यंत्र लावतात. लोड कमी म्हणून इंजिन नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काजळी साठते. चांगल्या लोडवर लिटरमागे तीन युनिट मिळतात, असं चालवलं तर त्याहून कमी.
डीजेच्या भिंतीला मात्र बॅटरी सुचवू नका. ठोक्यागणिक वीज एकदम ओढली जाते, त्या धक्क्यांना फार मोठा इन्व्हर्टर लागतो. आणि घ्यायचीच तर लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या, ती सहज पेट घेत नाही. भाद्रपदातला पाऊस आहे, पेटी आणि जोड पाणी न शिरणारे हवेत.

चंद्रपूरकर
"स्वच्छ काम" हे वाचून राहवलं नाही. मांडवाच्या मीटरवरची वीज येते कुठून? आमच्याकडचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं आहे, कोळशावरचं. देशातल्या ग्रीडच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, चार्जिंगमधली गळती धरून ०.८. डिझेलच्या लिटरमागे २.७ किलो, म्हणजे तीन युनिटच्या हिशेबाने युनिटला ०.९. फरक केवढा? धूर संपला नाही, त्याने फक्त गाव बदललं. राख आमच्या अंगणात पडते.

ताशेवाली, पुणे
दादा, "स्वच्छ" हा शब्द मागे घेते. तुमच्या राखेचा विचार मी केला नव्हता, करायला हवा होता. पण वायरमनदादा सांगतात तसं मोठं यंत्र कमी लोडवर चाललं तर तुमचा ०.९ आकडाही टिकत नाही. आणि नाकापासून दोन हातांवर सुटणारा धूर टाळता येत असेल तर तो टाळायचाच, यावर मी ठाम आहे. काका, दोन बॅटऱ्या ठेवल्या तर? एक संपली की दुसरी जोडायची. त्या भाड्याने तुमच्याकडूनच घेऊ. रस्ता, गर्दी, वायरिंग हे सगळं तुम्हालाच कळतं.

मांडववाले काका
यंदा एका छोट्या मंडळाला देऊन बघतो. पण माझा जनरेटर बाजूच्या गल्लीत उभा राहील, बंद. बाप्पा अंधारात राहिलेले मला चालणार नाहीत.