बर्फातली ऑफ-रोड सहल: हवा, चेन, हीटर

विषय: बर्फातली सहल – तीन प्रश्न

मंडळी, नमस्कार.

चार गाड्या नक्की झाल्या आहेत, त्यातली एक डिझेल. दोन रात्री मुक्काम. चिखल आणि दगड सगळ्यांच्या हातचे आहेत, पण बर्फ बहुतेकांना नवा. म्हणून तीन प्रश्न:

१. टायरमधली हवा किती उतरवायची?
२. टायरवर चढवायच्या चेनची एकच जोडी असेल तर ती पुढे की मागे?
३. तंबूत हीटर लावायचा का?

जाणकारांनी लिहावं. ‘सगळंच बरोबर घ्या’ असली यादी मात्र नको, डिकीला मर्यादा आहे.

– मृ.

विषय: उत्तर: बर्फातली सहल – तीन प्रश्न

ताई,

> टायरमधली हवा किती उतरवायची?

आधी थंडीचा हिशेब. तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने उतरलं की दाब साधारण १ पीएसआयने आपोआप कमी होतो. २० अंशांच्या गॅरेजमध्ये ३५ भरून निघालात तर उणे १५ला गेज २८-२९ दाखवेल, आणि टायर पंक्चर आहे की काय अशी शंका येईल. त्यामुळे हवा उतरवताना आकडा बघायचा तो बर्फाच्या तोंडाशी पोचल्यावर, घरचा नाही.

दाबून घट्ट झालेल्या बर्फावर २० ते २२ पुरे. भुसभुशीत आणि खोल असेल तर १२ ते १५. बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारी कडी) नसलेल्या रिमवर त्याच्या खाली जाऊ नका. वळताना टायरची कड रिमवरून निसटते, फटीत बर्फ शिरतो आणि तो पूर्ण काढून पुसल्याशिवाय कड परत बसत नाही. हवा उतरवल्यावर टायर रुंद होतो असं सगळे म्हणतात, पण मुख्यतः टेकणारा पट्टा लांब होतो आणि त्यानेच गाडी बुडायची थांबते. या दाबावर ताशी ३० किलोमीटरच्या वर जायचं नाही, आणि डांबरी रस्ता लागला की आधी हवा भरायची, मग पुढे. कंप्रेसर चालवताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर थंडीने आधीच अर्धमेली झालेली बॅटरी तिथेच मान टाकते.

टायर कोणता? बाजूला नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असून भागत नाही. तीन शिखरं आणि त्यात हिमकण, हे चिन्ह हवं. चिखलासाठीचे मोठ्या ठोकळ्यांचे टायर दिसायला दणकट, पण त्यांच्यात बारीक चिरा कमी, म्हणून निसरड्या बर्फावर ते हमखास घसरतात. ज्यांच्या गाडीला ते आहेत त्यांनी चेन आणल्याशिवाय येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

> चेनची एकच जोडी असेल तर

पुढे. चढाला ओढ मिळते आणि स्टिअरिंग ताब्यात राहतं. चेन चढवून शंभर-दोनशे मीटर गेलं की थांबून पुन्हा ताणायची, पहिल्यांदा ती कधीच नीट बसत नाही. हवा उतरवायची असेल तर आधी उतरवा आणि मग चेन लावा. उलट केलंत तर चेन सैल पडून ब्रेकच्या नळीवर आपटते. घरी एकदा हातमोजे घालून लावून बघा.

आता अडकण्याबद्दल. बर्फात गाडी पुढे सरकायची थांबली त्याच क्षणी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा. चाक फिरत राहिलं तर खालचा बर्फ वितळून लगेच गोठतो आणि तुम्ही स्वतःच काच तयार करता. आपल्याच चाकोरीतून तीन-चार मीटर मागे या, पुन्हा वेग घेऊन पुढे जा. दर वेळी थोडं अंतर मिळतं. मागेही येत नसेल तर बहुधा चासीखाली बर्फ दाबला जाऊन गाडी पोटावर बसलेली असते आणि चाकं नुसती लोंबकळत असतात. तिथे लॉकर (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा), फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा मंद गिअर), काही उपयोगाचं नाही. पोटाखालचा बर्फ फावड्याने काढावाच लागतो. म्हणून प्रत्येक गाडीत लांब दांड्याचं रुंद फावडं पाहिजेच. एकाने टोकदार पोलादी फावडंही आणावं, गोठलेल्या थरासाठी. ट्रॅक्शन बोर्डला (रुतलेल्या चाकाखाली सरकवायची खाचांची फळी) दोन मीटरची भडक रंगाची पट्टी बांधा. गाडी निघाली की बोर्ड बर्फाखाली गडप होतो, आणि गडी तासभर उकरत बसतात.

ओढण्यासाठी ताणणारी दोरी घ्या, साधा पट्टा नको. तिची तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. अडीच टनांच्या गाडीला २२ मिलिमीटरची, ९ मीटर लांब दोरी बरोबर बसते. ती गाडीच्या अधिकृत रिकव्हरी पॉइंटलाच (ओढण्यासाठी दिलेल्या मजबूत कडीलाच) लावायची. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला दोरी कधीही अडकवू नका. झटक्याने तो तुटतो आणि काचेतून आत येतो. याने माणसं मेली आहेत. जहाजावर गाडी बांधायला दिलेले खालचे पातळ हूकही त्यासाठी नाहीत. ओढताना बाकीच्यांनी दोरीच्या दीडपट लांब उभं राहायचं.

पेट्रोलचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक राखीव. खोल बर्फात फोर-लोमध्ये खप सहज दुप्पट होतो, त्यामुळे गाडीतला ‘अजून इतके किलोमीटर’चा आकडा थोतांड समजा.

– वि.

विषय: उत्तर: उत्तर: बर्फातली सहल – तीन प्रश्न

दादा,

बाकी सगळं मान्य, चेनबद्दल थोडं वेगळं.

> पुढे. चढाला ओढ मिळते

चढाला बरोबर. उताराला पुढची चाकं धरतात, मागची सुटतात आणि गाडीचं शेपूट पुढे यायला बघतं. परतीच्या वाटेवर लांब उतार असेल तर एका जोडीवर समाधान मानू नये, चारही चाकांना लावावी. शिवाय कित्येक गाड्यांत पुढच्या चाकामागे चेनपुरती जागाच नसते आणि मॅन्युअलमध्ये फक्त मागेच लावा असं लिहिलेलं असतं. आधी ते पान उघडा, मग आपण वाद घालू.

उतारावर फोर-लो, पहिला किंवा दुसरा गिअर, ब्रेकला पाय जवळजवळ नाहीच. भुसभुशीत बर्फात एबीएसमुळे (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) थांबायचं अंतर वाढतं, कारण लॉक झालेल्या चाकापुढे जो बर्फाचा ढीग साचून गाडी अडली असती तो साचतच नाही.

वेळेचंही बघा. रात्री गोठलेला वरचा थर सकाळी गाडी पेलतो. दुपारच्या उन्हाने तो मऊ होतो आणि सकाळी जिथून सहज आलो तिथेच अ‍ॅक्सलपर्यंत रुततो. अवघड टप्पे अकराच्या आत उरकावेत. गोठलेल्या तळ्यावर गाडी घालायची नाही, बर्फ किती जाड आहे यावर चर्चासुद्धा नको.

आता मुक्काम. जागा निवडताना वर बघा. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून हिमकडे सुटतात आणि सपाटीवर बरेच पुढे येतात. तसा उतार डोक्यावर असेल तर त्याच्या पायथ्याशी तंबू नको, कितीही आडोसा वाटला तरी.

तंबूची जागा बूट घालून तुडवायची आणि अर्धा तास तशीच सोडायची. तेवढ्यात दाबलेला बर्फ घट्ट धरतो. लगेच तंबू ठोकला तर रात्री अंगाच्या आकाराचा खड्डा पडतो आणि सकाळपर्यंत तो गोठून जातो. साध्या खुंट्या बर्फात धरत नाहीत. फूटभर लांब काठीला मधोमध दोरी बांधून ती आडवी पुरा आणि वरून तुडवा. पिशवीत बर्फ भरून पुरली तरी चालते. टपावरच्या तंबूचं मला फारसं कौतुक नाही: खालून वारा लागतो, शिडीवर बर्फ जमतो आणि ओला कपडा गोठला की घडीच होत नाही.

थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. मॅटचं आर-मूल्य (थंडी अडवायची क्षमता) ५च्या वर हवं. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते, म्हणून २ची फोमची आणि ३.५ची हवेची चालेल, फोमची खाली. आत भराव नसलेली नुसती हवेची गादी कितीही जाड असो, उपयोग नाही. स्लीपिंग बॅगवर ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’ असे दोन आकडे असतात. विकताना लिमिट पुढे करतात, आपण कम्फर्ट बघायचा आणि अपेक्षित किमान तापमानाच्या पाच अंश खालचा घ्यायचा.

शेगडी: ब्युटेन उणे अर्ध्या अंशालाच वायू व्हायचं थांबतं. आयसोब्युटेन उणे १२पर्यंत टिकतं, प्रोपेन उणे ४२पर्यंत. कडाक्याच्या थंडीत प्रोपेनचा सिलिंडर किंवा द्रव इंधनाची शेगडी. खाली फळी ठेवा, नाहीतर शेगडी बर्फात कलते. बर्फ वितळवायचा तर भांड्यात आधी दोन बोटं पाणी. कोरडा बर्फ टाकला तर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. ताजा भुसभुशीत बर्फ दहा लिटर वितळवला तर जेमतेम एक लिटर पाणी मिळतं. म्हणून पाणी घरूनच न्या, कॅन काठोकाठ न भरता, आणि रात्री उलटे ठेवा. पाणी वरून गोठतं, झाकणाची बाजू मोकळी राहते.

> तंबूत हीटर

गॅसचा, ज्योतीचा कुठलाही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डिझेलचा पार्किंग हीटर चालेल, कारण त्याचा धूर वेगळ्या नळीने बाहेर जातो. पण ती नळी बर्फात पुरली जाणार नाही अशी ठेवा आणि आत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. गाडीचं इंजिन चालू ठेवून आत झोपू नका. हिमवृष्टीत सायलेन्सर बुजला की धूर केबिनमध्ये येतो.

– अ.

विषय: डिझेल आणि बॅटरी

डिझेलवाल्यांसाठी. उन्हाळी डिझेल थंडीत मेणासारखं दाटतं आणि फिल्टर बुजतो. हिवाळी डिझेल डोंगराच्या अलीकडे शेवटच्या पंपावर भरा, पण टाकी आधीच जवळपास रिकामी करून. अ‍ॅडिटिव्ह टाकायचं तर दाटण्याच्या आधी. दाटल्यावर ओतून काही सुटत नाही. अ‍ॅडब्लू (डिझेल गाडीचा धूर स्वच्छ करणारं द्रव) उणे ११ला गोठतं. गाडीत त्याला हीटर असतो, सुट्या कॅनला नसतो, म्हणून कॅनमध्ये फुगायला जागा सोडा.

कूलंट निम्मं-निम्मं मिसळलेलं उणे ३७पर्यंत टिकतं. नुसतं कूलंट ओतून जास्त टिकेल असं वाटतं, पण शुद्ध ग्लायकॉल उणे १३च्या आसपासच गोठतं.

शिशाची बॅटरी पूर्ण उतरली तर शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून फुटते, भरलेली टिकते. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची शून्याखाली चार्ज करू नका. आत लिथियमचा थर जमून ती कायमची बाद होते. वापरायला हरकत नाही.

– स.

विषय: उत्तर: डिझेल आणि बॅटरी

> रात्री गाडी कशी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा का?

हे मला खासगी मेलमध्ये विचारलं गेलं, सगळ्यांनाच लागू आहे म्हणून इथे.

ओढायचा नाही. दिवसभर ओला बर्फ उडून पॅड आणि केबल भिजलेली असतात, रात्री ती जागेवर गोठतात आणि सकाळी मागचं चाक फिरत नाही. मुक्कामाच्या थोडं आधी हळू चालवत ब्रेक हलके दाबून ठेवा म्हणजे ते सुकतात. मग सपाट जागा, गिअरमध्ये किंवा पार्कवर, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. तोंड बाहेर जायच्या वाटेकडे. वायपर उभे करा. दारांच्या रबरावर आधी सिलिकॉन चोळा, नाहीतर सकाळी ओढताना रबरच दाराबरोबर येतं. आणि रिमोटची किल्ली स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, तिचा सेलही थंडीत मरतो.

– वि.