घरकावळा आणि डोमकावळा: जात वेगळी कशावरून ठरते?

खिडकीकाठी, दादर
आमच्या खिडकीसमोरच्या जांभळावर राखाडी मानेचा घरकावळा आणि जाड चोचीचा काळाकुट्ट डोमकावळा रोज येतात, पोळीच्या एकाच तुकड्यावरून भांडतात. मुलीच्या पुस्तकात लिहिले आहे की ज्यांची संतती प्रजननक्षम निपजते, ते जीव एका जातीचे. ग्रेट डेन आणि पॉमेरेनियन हे कुत्रे एका जातीचे कसे, हे त्यातून समजले. पण या दोन कावळ्यांची जोडी लावून कोणी पाहिली आहे का? नसेल, तर त्यांना वेगळे का मानायचे?

निवृत्त_शिक्षिका
पुस्तकाने वाक्य अर्धेच दिले आहे. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या व्याख्येत भर आहे तो निसर्गात आपसांत प्रजनन करणाऱ्या आणि इतर समूहांपासून प्रजननाच्या दृष्टीने अलग राहणाऱ्या समूहांवर. पिंजऱ्यात सिंह-वाघाची संतती होते, याला तिथे फारशी किंमत नाही. हे अलगपण काही वेळा मीलनानंतर दिसते: घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३, आणि त्यांच्या जोड्या नीट जुळत नसल्याने खेचर बहुधा वांझ राहते. पुष्कळदा मात्र ते मीलनाआधीच, आवाजातून, प्रणयाच्या रीतीतून किंवा विणीच्या हंगामातून येते. तुमच्या जांभळावर तोच प्रयोग रोज चालू आहे: दोघे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात, तरी अर्धवट राखाडी मानेच्या मधल्या कावळ्यांची गर्दी झालेली नाही.
(जाता जाता: आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘प्रजाती’ हा शब्द जातीच्या वरच्या पायरीसाठी आहे; वर्तमानपत्रे तो जातीलाच लावतात आणि गोंधळ होतो.)

पाणथळ
कावळ्यांचाच दाखला या व्याख्येला अडचणीतही आणतो. युरोपात पूर्ण काळा कावळा आणि राखाडी अंगाचा कावळा जिथे भेटतात, त्या अरुंद पट्ट्यात त्यांचा संकर होतो आणि संकरित पिल्ले प्रजननक्षमही असतात. तरीही पट्ट्याबाहेर दोन्ही रूपे आपापली टिकून आहेत. त्यांना एक जात म्हणावे की दोन, यावर तज्ज्ञांचे एकमत झालेले नाही. जीवाणू किंवा जीवाश्म यांना तर ही कसोटी लावताच येत नाही.

खिडकीकाठी, दादर
आभारी आहे. एक उपप्रश्न: कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढते, तरी मोठेपणी जोडीदार कोकीळच का निवडते?

निवृत्त_शिक्षिका
ती ओळख बरीचशी उपजत असावी लागते, कारण पोसणारे कावळे पिल्लाला कुहू शिकवू शकत नाहीत.